हनुवटीवरचा तिसरा ठिपका

बाईच्या कपाळावरचं गोंदण घालवायला मला दहा मिनिटं लागत. हनुवटीवरचं असेल तर जरा जास्त, कारण तिथं गोलाई असते आणि पेन्सिल थोडी जरी जोरात पडली तरी पीठ लागल्यासारखा पांढरा डाग दिसतो. देवीचे व्रण असतील तर अख्खी दुपार जाई. परळीच्या आसपासच्या किती मुली मी अशा धुवून-पुसून सासरी पाठवल्या ते मी कधी मोजलं नाही, आणि कुणी विचारलंच तर सांगणारही नाही.

मी फोटो स्टुडिओत टचिंग करत होते. आता हे काम म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. माझी नात मोबाइलवर बोट फिरवून स्वतःचं नाक बारीक करते आणि म्हणते, "आज्जी, बघ जादू." मी म्हणते, बाई गं, ही जादू तुझ्या आज्जीनं बोटभर फिल्मवर पेन्सिलीनं केलीय, तीही लाइट गेलेली असताना खिडकीच्या उजेडात. वीज आमच्या गावात तयार व्हायची आणि आमच्याच गावातली जायची.

ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात फोटो काढला की आधी निगेटिव्ह तयार होई. त्यात सगळं उलटं. गोरं ते काळं दिसतं, आणि चेहऱ्यावर जे काळं असतं, म्हणजे व्रण, सुरकुती, गोंदण, तिथं फिल्म विरळ राहते. त्या विरळ जागेतून उजेड जास्त जातो आणि कागदावर ती खूण काळी उमटते. मग फिल्मवर औषधाचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे पेन्सिल धरते, आणि सुईसारखं टोक काढून त्या विरळ जागेत इतके बारीक ठिपके भरायचे की आजूबाजूची कातडी आणि ती जागा एक होऊन जावी. डोळ्याला भिंग, हातात पेन्सिल आणि श्वास रोखलेला. एक शिंक आली की एका मुलीचं नाक गेलं.

त्यात आमच्याकडं थर्मलची, म्हणजे वीजकेंद्राची राख. ओल्या फिल्मवर राखेचा कण बसला की फोटोत चेहऱ्यावर पांढरा ठिपका येई, म्हणून फिल्म वाळवताना आम्ही दारंखिडक्या बंद करून घामानं निथळत बसत असू. राखेचे ठिपके आणि बाईच्या अंगचे ठिपके, दोन्ही घालवण्याचं काम माझ्याकडं होतं, आणि खरं सांगते, त्या वेळी मला दोन्हींत काही फरक वाटत नव्हता.

अप्पा, म्हणजे माझे वडील, फोटो काढत. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचा स्टुडिओ आणि मागच्या दोन खोल्यांत घर. मुलीनं कॅमेऱ्यामागं उभं राहायचं नाही, पण आत बसून टचिंग करायला हरकत नाही, अशी आमच्या घरातली सुधारणा होती. स्टुडिओत रंगवलेला पडदा होता, त्यावर बाग, जिना आणि कारंजं. एका तिवईवर बायकांसाठी मनगटी घड्याळ ठेवलेलं असे, बंद पडलेलं. खेड्यातून आलेल्या मुली ते घालून, हात मुद्दाम पुढं घेऊन बसत. आजही आमच्या तालुक्यातल्या कितीतरी भिंतींवर बाया वेगवेगळ्या असतील, पण सगळ्यांच्या मनगटावर सव्वाचारच वाजलेले सापडतील.

बायकांचे फोटो बहुतेक एकाच कामासाठी निघत, ते म्हणजे स्थळाला दाखवायला. मुलाचा फोटो कुणी मागत नसे. मागितलाच तर मुलगा ज्या कपड्यात असेल त्या कपड्यात येई, उभा राही आणि निघून जाई. मुलीबरोबर मात्र मामा, चुलता आणि एक अनुभवी मावशी येत. मावशी अप्पांच्या कानाला लागे, "जरा उजळ करा. आन कपाळाचं तेवढं काढून टाका. पोरगा थर्मलवर हाय, त्याला असलं गावंढळ चालायचं न्हाई." मुलीला कुणी विचारत नसे. मीही विचारलं नाही. अप्पा आत पाकीट सरकवत, वर लिहिलेलं असे, 'कपाळ, हनुवटी, रंग'. त्यातून मला काय ते कळे.

माझ्या स्वतःच्या स्थळाच्या फोटोलाही मीच टचिंग केलं होतं. गालावरचा तीळ काढला, भुवया नीट केल्या आणि जबडा जरासा आत घेतला. बघायला आलेल्या बाईनं फोटो एकदा पाहिला, मला एकदा पाहिलं आणि विचारलं, "धाकली बहीण हाय का घरात?" धाकटी बहीण नव्हती. पुढं ज्यांच्याशी लग्न झालं ते इथल्याच शाळेत मास्तर होते, रोज स्टुडिओवरून जात आणि मला टचिंगशिवाय पाहत आले होते.

मी कॅमेऱ्यामागं आले ती एका खालांमुळं. आमच्या शेजारी एका मिस्त्रीचं मोटारींचं गॅरेज होतं. त्याच्या आईला हजला जायचं होतं आणि पासपोर्टला फोटो हवा होता. जन्मात त्यांनी फोटो काढला नव्हता. अप्पांना पाहून त्या पडद्याशीच थांबल्या. "मर्द के सामने नक्को. बेटी को बुलाव." अप्पा बाहेर गेले, मी बटण दाबलं आणि फोटो चक्क चांगला आला. सवयीनं मी म्हटलं, "खाला, सुरकुत्या जरा कमी करते." म्हातारी असली तापली! "अल्ला के घर जा रई मैं. दूसरी का मुंह लेके जाऊं क्या?"

मी हसले आणि ते विसरूनही गेले. त्या खालांनंतर मात्र मोमीनपुऱ्यातल्या बायका, मग आमच्या वाण्यांच्या बायका, मग सगळ्याच, "ताई काढनार असतील तर येतो" म्हणू लागल्या आणि अप्पांना मला कॅमेरा द्यावाच लागला.

तोवर काळ बदलत चालला होता. कोपऱ्यावर एसटीडीचा पिवळा डबा आला, घरांवर केबलच्या तारा आल्या. रंगीत फोटो मशीनवर धुऊन आणायला लोक लातूरला जाऊ लागले. मतदारांच्या ओळखपत्रांसाठी गावोगाव फोटो निघू लागले तेव्हा मला वाटलं, चला, आता सरकारलाच बाईचं तोंड पाहायचं आहे. डोक्यावरचा पदर मागं घ्या म्हटलं की सासरे लांबून खाकरत. मी त्यांच्याकडं पाठ करून उभी राहायची. आणि नेमक्या त्याच दिवसांत कस्तुरा आली.

दुपारची वेळ होती. तिशीच्या आतली बाई, पायांत एसटीची धूळ, कपाळ मोकळं. मोकळं म्हणजे कुंकू नव्हतं, पण कपाळाच्या मधोमध गोंदलेली चंद्रकोर होती आणि हनुवटीवर ठिपके. तिनं काउंटरवर एक फोटो ठेवला. त्यात सतरा-अठरा वर्षांची मुलगी होती, मनगटावर आमचे सव्वाचार, चेहरा दुधासारखा साफ.

"ही कोन हाय वळखा," ती म्हणाली.

मी फोटो उलटा केला. मागं आमचा शिक्का आणि अप्पांच्या हातचा नंबर. मी म्हटलं, "फोटो आमच्याकडचा आहे. मुलगी आठवत नाही."

"मीच हाय ती. तुमीच घालीवलं माझं गोंदान. आता तुमीच आनून द्या."

तिची हकीकत अशी. माहेर परळीपासून दोन कोसांवर, तिथं तिचं नाव कस्तुरा. लग्न करून दिलं ते युसूफ वडगावच्या बाजूच्या एका गावात. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत आहे. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायचं, साखर वाटायची, झालं. तिचं नाव लक्ष्मी ठेवलं. रेशनकार्डावर लक्ष्मी, सासरच्या गावात लक्ष्मी. लग्नात फोटो काढायची ऐपत नव्हती, त्यामुळं सासरी तिचा फोटो एकच, स्थळाला पाठवलेला, आमच्याकडचा. मूलबाळ नव्हतं. नवरा तापानं गेला आणि त्याच्या वाटणीची तीन एकर जमीन वारस म्हणून तिच्या नावावर व्हायची, तेव्हा तिच्या दिरानं, उत्तमनं, कचेरीत हरकत घेतली. त्यानं लिहून दिलं की माझ्या भावाची लग्नाची बायको लक्ष्मी होती, ती भांडून कुठं निघून गेली कुणाला ठाऊक नाही. ही कस्तुरा नावाची बाई भावानं मागून आणून ठेवलेली आहे, हिचा हक्क नाही. पुरावा म्हणून त्यानं हाच फोटो जोडला. बघा साहेब, आमची भावजय. हिच्या तोंडावर गोंदण कुठं आहे?

"गावातले लोक?" मी विचारलं.

"गावाला त्याच्याच हिरीचं पानी लागतंय," ती म्हणाली. "समदे म्हनत्यात, आमी काय तोंडाकडं बगितलं न्हाई बाई, तुजा पदर असायचा."

भाऊ साक्ष द्यायला गेला तर साहेब म्हणाले, भाऊ तर बहिणीच्या बाजूनंच बोलणार. शाळेत ती गेली नव्हती. कचेरीतल्या कारकुनाच्या हातापाया पडून तिनं तो फोटो दिवसभरासाठी आणला होता.

मला घाम फुटला. तो खिडक्या बंद असल्यामुळं नव्हता. तरीही मी जे केलं ते आज सांगायलाही लाज वाटते. मी म्हटलं, "थांब, आत्ता करून देते." निगेटिव्ह काढून ताजी प्रत काढली, वाळवली आणि तिला समोर बसवून बारीक ब्रशनं त्या प्रतीवर गोंदण रंगवलं. कपाळावर चंद्रकोर, हनुवटीवर तीन ठिपके, एका ओळीत, एका अंतरावर. काम इतकं सुबक झालं की मलाच माझं कौतुक वाटलं. जे नाही ते ब्रशनं घालायचं आणि जे आहे ते पेन्सिलीनं काढायचं, माझ्या हाताला एवढंच येत होतं. तिसरा मार्ग असतो हे मनातही आलं नाही.

पंधरा दिवसांनी ती परत आली. काउंटरवर तोच रंगवलेला फोटो, आणि त्यातल्या कपाळावर काळा फराटा.

"दिरानं बोट वलं केलं आन साहेबाम्होरं फोटूवर घासलं," ती म्हणाली. "गोंदान निघालं. साहेब मला म्हनले, कचेरीत खोटा कागद आनून देतीस व्हय? आत घालीन."

मी काहीतरी बोलायला लागले, पण तिचं अजून संपलं नव्हतं. तिनं हनुवटी पुढं केली. "आन सरळ काढले की तुमी ठिपके. माझे सरळ हायेत व्हय? बगा की जरा!"

मी पाहिलं. दोन ठिपके ओळीत होते आणि तिसरा खाली, डावीकडं घसरलेला. लहानपणी गोंदणारीनं सुई टोचली तेव्हा ती हिसका देऊन पळाली होती, आईनं पकडून आणली तोवर ठिपका पडायचा तिथं पडला होता. हा चेहरा मी पूर्वी भिंगाखाली धरून बसले होते. पंधरा दिवसांपूर्वी तर तो हातभर अंतरावर समोर होता. दोन्ही वेळा मला दिसलं ते फक्त काय दुरुस्त करायचं आहे तेवढंच. मला माझ्या हातांचा असा राग त्याआधी कधी आला नव्हता.

"तू काय माझं गोंदण परत आणायला आली नव्हतीस," मी म्हटलं. "ते कुठं गेलेलंच नाही. ते खालीच आहे."

कारण पेन्सिलीचं एक आहे, ती फिल्मवर वरवर बसते. खालची खूण जशीच्या तशी असते. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं औषध पुसलं की पेन्सिल निघते. आम्ही नवशिके असताना चुकलं की पुसून पुन्हा करत असू. मात्र गिऱ्हाइकाला दिलेल्या फोटोचं टचिंग पुन्हा पुसायचं, असं उभ्या जन्मात कुणी केलं नव्हतं. पाकिटातून निगेटिव्ह काढली आणि उजेडात तिरकी धरली. कपाळावर आणि हनुवटीवर माझ्या पेन्सिलीची चकाकी दिसत होती. बोळा हातात घेतला आणि थांबले. घरी पुसलं तर उत्तम म्हणणार, फोटोवालीनं घरी बसून फिल्मवर काढलं. हे त्याच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं. पण इतक्या वर्षांचं औषध, परळीचे उन्हाळे खाल्लेलं. ते निघेल की फिल्मच घेऊन येईल, ते मला ठाऊक नव्हतं आणि करून बघायची सोय नव्हती. फिल्म एकच होती.

अप्पा सगळं ऐकत होते. कस्तुरा गेल्यावर म्हणाले, "विजू, कचेरीत जाऊन काय सांगणार तू? आम्ही फोटोत तोंडं बदलतो म्हणून?"

"बदलतोच की."

"अगं, ते सगळ्यांना माहीत असतं, पण कुणी बोलत नाही. तू सरकारसमोर बोललीस की उद्या प्रत्येक नवरदेवाचा बाप दारात उभा राहील. चाळीस वर्षं मी या गावात तोंड वर करून हिंडलो."

"अप्पा, तिला तिच्या घरात तोंड दाखवता येत नाही, ते आपल्यामुळं."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तारखेच्या दिवशी सकाळी मी निघाले तर पायरीवर टर्पेंटाइनची लहान बाटली, बूच घट्ट लावून, कागदात गुंडाळून ठेवलेली. आतून आवाज आला, "कापूस जुना घे. नवा तंतू सोडतो."

कचेरीत गर्दी होती. नायब तहसीलदार वयस्कर, चष्मा कपाळावर सरकवलेला, चेहऱ्यावर दिवसभराच्या भांडणांचा कंटाळा. उत्तम पांढऱ्या कपड्यांत, खुर्चीवर. कस्तुरा भिंतीशी उभी. मी कोण ते सांगताच उत्तम हसला. "साहेब, हीच ती फोटूवाली. ही काय बी काढती. हिच्या हातात म्हशीचा फोटू द्या, घोडी करून दील."

लोक हसले. मीही म्हटलं, "खरं आहे साहेब. मी काय वाटेल ते काढते. आज काढायला आले नाही, पुसायला आले आहे. म्हणून तर इथं, यांच्यासमोर."

साहेबांनी चष्मा डोळ्यावर घेतला. "म्हणजे या फोटोत तुम्हीच चेहरा बदललाय असं म्हणता?"

"मीच. सासरच्यांनी नाव बदललं, मी चेहरा बदलला. दोघांनी मिळून हिला पुसलं आणि आता तुम्ही हिलाच विचारताय, बाई तू कोण."

अप्पांना जे भय होतं ते मी बोलून बसले होते. पण बोलल्यावर मला एकदम हलकं वाटलं, खोटं का सांगू.

मी निगेटिव्ह साहेबांच्या हातात दिली. फोटोमागचा नंबर आणि पाकिटावरचा नंबर त्यांनी स्वतः ताडून पाहिला. तिरकी धरून पेन्सिलीची चकाकी पाहिली. मग मी फिल्म टेबलावर कागदावर ठेवली, बोळा भिजवला आणि हनुवटीवरून फिरवला. काही झालं नाही. पुन्हा फिरवला. औषध कडक झालं होतं. उत्तम म्हणाला, "झालं? चला." जोर लावला तर फिल्म खरवडणार आणि तिचा एकुलता एक साक्षीदार मीच दुसऱ्यांदा संपवणार. मी बोळा नुसता ठेवून दिला, हनुवटीवर, तापलेल्या कपाळावर पट्टी ठेवतात तसा. मनात पन्नास आकडे मोजले. उचलला तर कापूस काळा झाला होता.

मग कपाळावर तसंच केलं. फिल्म वाळवून साहेबांच्या हातात दिली. ते उठून खिडकीशी गेले, त्यांच्यामागं कारकून, त्याच्यामागं शिपाई, आणि न राहवून उत्तमही. उलट्या, काळ्या चेहऱ्यावर कपाळाच्या मधोमध चंद्रकोरीएवढा उजेड येत होता. हनुवटीवर उजेडाचे दोन बारीक ठिपके, आणि तिसरा खाली घसरलेला.

"उजवीकडं आहे हा," साहेब म्हणाले. "बाईचा डावीकडं आहे."

क्षणभरानं माझ्या लक्षात आलं. मी त्यांच्या हातातली फिल्म फिरवून दिली. "तुम्ही फिल्मच्या मागच्या बाजूनं पाहत होता साहेब. आता पाहा."

त्यांनी फिल्म पाहिली, कस्तुराकडं पाहिलं, पुन्हा फिल्म पाहिली. कस्तुरानं पदर मागं सारला होता आणि ती हनुवटी वर करून उभी होती. कुणीही सांगितलेलं नसताना.

"गोंदान काय, कुनाच्या बी तोंडावर असतंय," उत्तम म्हणाला. आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"असं घसरलेलं?" साहेब म्हणाले. "आणि फोटो तुम्हीच दिलाय ना? ही आमची भावजय म्हणून? तुमच्याच सहीनं?"

उत्तम खुर्चीवर परत बसला नाही.

अप्पांचं म्हणणं खोटं ठरलं नाही, हेही सांगायला हवं. महिन्याभरात पाच-सहा घरं आमच्या दारात आली. वडवणीकडचे एक सासरे सुनेचा फोटो घेऊन आले आणि म्हणाले, "हिचं बी पुसून दावा. आमाला कळू द्या काय पदरात पडलंय." मी म्हटलं, "दाखवते. पण तुमच्या मुलाचाही फोटो आमच्याकडचाच आहे. त्याचा एक डोळा मी सरळ केलाय, तोही पुसते. दोन्ही फोटो शेजारी लावू दुकानात." ते पाणीही न पिता गेले. कुणाच्याही सुनेची निगेटिव्ह मी सासरच्याला दाखवली नाही. ज्या बाईचा चेहरा, तिनं स्वतः येऊन मागितलं तरच. तशा चौघीजणी आल्या, आणि त्या चौघींच्या पेन्सिली मी त्यांच्यासमोर पुसल्या. आमचा धंदा बसला, तो यामुळं की रंगीत फोटोमुळं, यावर अप्पांनी आणि मी पुढं पुष्कळ वर्षं वाद घातला. त्यानंतर मी गोंदणाला पेन्सिल लावली नाही. मावशी कानाशी लागली तर मी मुलीला विचारायची, तिच्या मामासमोर, मोठ्यानं. बहुतेक मुली खाली बघून "काढा" म्हणत. तरी मी काढत नसे. ती माझी दांडगाई होती, आणि ती चुकीची असेल तर असू द्या.

पण त्या दिवशीचं कचेरीतलं शेवटचं सांगायचं राहिलं. साहेबांनी कस्तुराचा जबाब लिहून घ्यायला सांगितला. कारकून लिहीत होता, ती सांगत होती. शेवटी त्यानं शाईचा पॅड पुढं केला आणि वाचून दाखवलं, "लिहून देणार, लक्ष्मी ऊर्फ कस्तुरा."

तिनं हात मागं घेतला.

"उलटं लिवा," ती म्हणाली. "कस्तुरा अगुदर."

"बाई, कागदोपत्री तू लक्ष्मी आहेस. जमीन लक्ष्मीला मिळणार. काय फरक पडतो?"

"कस्तुरा अगुदर जन्मली. लक्ष्मी मागनं आली."

कारकून माझ्याकडं पाहायला लागला, जणू मी तिला समजवावं. मीही घाबरले होते. जिंकलेलं एका नावापायी जायला नको होतं. मी तिच्या कानाशी म्हटलं, "कर अंगठा. आधी जमीन पदरात पडू दे."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मागं सरले. साहेब काही तरी दुसरं वाचत होते. त्यांनी मान वर न करता कारकुनाला म्हटलं, "लिहा हो नवा कागद. तिचंच नाव आहे."

कारकुनानं पुटपुटत दुसरा कागद घेतला आणि सगळा जबाब पुन्हा लिहिला. ती उभीच होती. त्यानं वाचलं, "कस्तुरा ऊर्फ लक्ष्मी." तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि मग अंगठा असा दाबला की टेबल हललं.

बाहेर आल्यावर मी बाटलीतलं उरलेलं टर्पेंटाइन कापसावर घेतलं आणि म्हटलं, "आण, शाई पुसून देते."

तिनं अंगठा मुठीत धरला. "न्हाई ताई," ती म्हणाली. "तुमी काय बी पुसू नगा आता."